गाडीच्या सबवूफरचा बॉक्स घरीच कसा बनवावा

महागडा सबवूफर (खालचे, घुमणारे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, थोडक्यात वूफर) घेतला आणि हाताला लागेल त्या डब्यात बसवला, तर बेस येत नाही, नुसती घरघर येते. वूफरचा कोन, म्हणजे समोरचा हलणारा पडदा, जेवढा आवाज समोर फेकतो तेवढाच मागेही फेकतो, आणि मागचा उलट फेजचा असतो, म्हणजे पुढे हवा दाबली जाते तेव्हा मागे ती ओढली जाते. दोन्ही एकत्र आले की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. मागचा आवाज कोंडून ठेवणं आणि आतल्या हवेच्या दाबाने कोनला आवर घालणं, ही दोन कामं बॉक्सची. म्हणून वूफर मध्यम प्रतीचा चालेल, पण बॉक्स हवाबंद आणि योग्य मापाचाच हवा.

पहिल्यांदा बनवणार असाल तर पोर्टवाल्या (हवेसाठी भोक किंवा नळी ठेवलेल्या) बॉक्सच्या मागे लागू नका, सील्ड म्हणजे पूर्ण बंद बॉक्स करा. पोर्टची लांबी-रुंदी जराशी चुकली तरी सगळं बिघडतं. सील्ड बॉक्स एक-दोन लिटरची चूक पोटात घालतो. शिवाय गाडीची केबिन लहान असल्याने साधारण ६० हर्ट्झच्या खालचा बेस ती स्वतःच उचलून धरते. सील्ड बॉक्समध्ये जे खाली कमी पडतं, ते बरंचसं इथे भरून निघतं.

माप आणि कटिंग

वूफरसोबत आलेल्या कागदावर सील्ड बॉक्सचं व्हॉल्यूम दिलेलं असतं, तेच धरा. १२ इंची वूफरला बहुतेक वेळा १ ते सव्वा घनफूट लागतं (१ घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर). हे माप आतलं असतं, फळीची जाडी सोडून. आपण आतून ४० × ३६ × २५ सेंटीमीटर घेऊ. गुणाकार ३६,००० घन सेंटीमीटर, म्हणजे ३६ लिटर. त्यातून वूफरच्या मागच्या भागाचे अंदाजे ३ लिटर आणि आधारपट्टीचं अर्धा लिटर वजा केलं, की ३२ लिटरच्या आसपास उरतं.

कापण्याआधी डिकी मोजा, आणि डिकीचं तोंडही मोजा. आत सीएनजीचं सिलिंडर असेल तर १२ इंचीचा हट्ट सोडून १० किंवा ८ इंची घ्या.

नागपुरात लकडगंजच्या लाकूडबाजारात १८ मिलिमीटरचं एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) मिळतं. माझं मत विचाराल तर थोडे पैसे जास्त गेले तरी एचडीएचएमआर (तशीच, पण जास्त घट्ट आणि ओल कमी धरणारी फळी) घ्या. साधं एमडीएफ पावसाळ्यात ओल धरून कडांना फुगतं. स्वस्त प्लायच्या पोटात पोकळ्या असतात आणि त्या वाजतात. वरच्या मापासाठी ४ बाय ४ फुटांचा तुकडा पुरतो. फळ्या अशा कापून घ्या:

४३.६ × ३९.६ सेंमी – ३ (समोर दोन, मागे एक)
४३.६ × २५ सेंमी – २ (वर, खाली)
३६ × २५ सेंमी – २ (बाजू)
३६ × ७ सेंमी – १ (आधारपट्टी)

कटिंग दुकानातल्या मशीनवरच करून घ्या. हातकरवतीने कड सरळ येत नाही, आणि वाकडी कड म्हणजे फट.

जोडणी

समोरच्या दोन फळ्या फेव्हिकॉल लावून एकावर एक चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. ३६ मिलिमीटर जाड झालेला हा दर्शनी भाग मोठ्या आवाजातही थरथरत नाही. भोकाचा व्यास वूफरच्या कागदावरून घ्या. '१२ इंच' म्हणून १२ इंच कापाल तर वूफर आत पडेल. मधोमध खिळा ठोकून दोऱ्याने वर्तुळ आखा आणि जिगसॉने हळूहळू फिरवत कापा. एमडीएफची भुकटी फुप्फुसांना वाईट असते. तोंडाला मास्क लावा आणि हे काम अंगणात किंवा गच्चीवर करा.

आता बाजू, वर, खाली. प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावून बघा. स्क्रूआधी बारीक ड्रिल मारलंच पाहिजे, नाहीतर एमडीएफची कड पापुद्र्यासारखी उकलते. साधारण १२ सेंटीमीटरवर एक स्क्रू ठेवा, कोपऱ्यापासून ३ सेंटीमीटर सोडून. नुसत्या फेव्हिकॉलवर विसंबू नका. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो, उन्हात बंद उभ्या गाडीत त्याहून बरंच जास्त तापतं, आणि पांढरा फेव्हिकॉल अशा उष्णतेत मऊ पडतो. आधारपट्टी मागच्या फळीला टेकवून वर-खाली जोडा.

आतल्या प्रत्येक सांध्यावर सिलिकॉनची रेघ ओढून बोटाने दाबा. वायर बाहेर येते ते टर्मिनलचं भोकही सोडू नका. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत वूफर बसवू नका, ती वाफ वूफरला अपाय करते. बाहेरच्या उघड्या कडांना प्रायमर द्या, मग कार्पेट चिकटवा.

वूफरखाली गॅस्केट (फट बुजवणारी मऊ कडी) ठेवून तो बसवा आणि परीक्षा घ्या. दोन्ही तळहातांनी कोन हलकेच, समान दाबून सोडा. सावकाश परत आला तर बॉक्स हवाबंद आहे, झटकन आला तर कुठेतरी गळतो. मग हळू आवाजात खालचा सूर लावून सांध्यांजवळून अगरबत्ती फिरवा. जिथे धूर थरथरेल तिथे फट.

गाडीत बसवताना

वूफरसकट हा बॉक्स २० किलोच्या आसपास जातो. करकचून ब्रेक लागला तर तो सरळ मागच्या सीटवर आदळेल. पट्ट्याने किंवा एल-अँगलने पक्का बांधा. डिकीच्या तळाला भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा, तिथे पेट्रोलची टाकी किंवा नळ्या असू शकतात.

अ‍ॅम्प्लिफायरची पॉवर वायर थेट बॅटरीवरून घ्या आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज लावा. ही पायरी कुणीही, कितीही घाईत असो, गाळू नये. वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर गाडीला आग लागण्यापासून वाचवणारा तेवढाच एक फ्यूज असतो. वायर शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर त्याच जाडीत कमी करंट झेपते. अर्थिंगची जागा रंग खरवडून कोऱ्या पत्र्यावर घ्या. आरसीए वायर (स्टिरिओपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत सिग्नल नेणारी) पॉवर वायरच्या विरुद्ध बाजूने न्या, नाहीतर इंजिनसोबत चढणारी शिट्टी ऐकू येत राहील.

शेवटी सेटिंग. अ‍ॅम्प्लिफायरवरचा लो-पास फिल्टर (वरचे सूर अडवणारा) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. ते हळूहळू वाढवा, आवाज फाटायला लागला की तिथून मागे या. हे काम वस्तीपासून दूर करा. धंतोली-रामदासपेठेत जागोजागी रुग्णालयं आहेत आणि त्यांच्या भोवतीचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसा, कुणाला तरी फेजचं बटण ० आणि १८० वर फिरवायला सांगा, आणि ज्या बाजूला बेस भरीव ऐकू येईल तिथे ते ठेवा.