छऱ्याची बंदूक उघडताय? या चुका टाळा

मार्गशीर्षात माळेगावची खंडोबाची यात्रा भरली, की पार महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेपर्यंत फुगे फोडायच्या स्टॉलवाल्यांच्या बंदुका माझ्याकडे दुरुस्तीला येत राहतात. मागोमाग नेमबाजी शिकणाऱ्या पोरांच्या येतात. स्प्रिंगवर चालणारी, नळी मोडून, म्हणजे सांध्यात खाली वाकवून भरायची, ४.५ मिलिमीटर छऱ्याची ही बंदूक आतून साधी असते. नीट वागवली तर बापानंतर पोरगा वापरतो. पण माझ्या टेबलावर येणारी बरीचशी मोडतोड वापरून झालेली नसते, घरी दुरुस्त करता करता झालेली असते.

सगळ्यात जास्त नुकसान तेलानं होतं. जोर कमी वाटला की पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो, आणि छरा घालायच्या तोंडातून धार सोडली जाते. चाप ओढला की स्प्रिंग सुटून आतला पिस्टन पुढे झेपावतो, तेव्हा समोरची हवा क्षणात दाबली जाऊन इतकी तापते, की तिथलं तेल पेट घेतं. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालतं. धूर निघतो, मोठा आवाज होतो आणि पोरगं खूश होतं, जोर वाढला म्हणून. खरं तर पिस्टनला उलटा तडाखा बसलेला असतो. असंच चालू ठेवलं तर पिस्टनच्या तोंडाशी हवा अडवणारा वायसर करपतो आणि स्प्रिंगचा तुकडा पडतो.

परभणीकडचा एक स्टॉलवाला सगळ्या बंदुका पोत्यात घालून घेऊन आला होता. "काका, रोज तेल सोडतोय, तरी छरा फुग्याला लागून खाली पडतोय." कोणतं तेल, विचारलं तर करडईचं. घरचं, घाण्याचं, शुद्ध. खायला त्याच्यासारखं तेल नाही, पण करडईचं तेल हवेत सुकत जातं आणि त्याचा रोगणासारखा थर धरतो. त्यात यात्रेतली धूळ. एकेक पिस्टन नळकांड्यात असा चिकटला होता की लाकडी दांड्यानं ठोकून बाहेर काढावा लागला. थिनरनं आतून पुसायला दिवस गेला आणि सगळे वायसर बदलावे लागले. गोडतेल, मोहरीचं, खोबऱ्याचं, कुठलंच खायचं तेल बंदुकीत घालू नका.

मी काय करतो ते सांगतो. चामड्याचा वायसर असेल तर बसवायच्या आधी रात्रभर सिलिकॉन तेलात मुरवतो, सकाळी फडक्यानं कोरडा पुसतो. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४२च्या वर जातो आणि चामडं वाळतं, म्हणून तेव्हा मधूनमधून दोन थेंब, तेही बंदूक रात्रभर उभी ठेवून. वायसर प्लास्टिकचा असेल तर तेही नाही. स्प्रिंगला काळं मॉली ग्रीस, बोटानं पातळ पुसून. बैलगाडीच्या आखाला लावतात तसलं जाड ग्रीस थापलं की ते पुढे सरकतं आणि तेलासारखंच जळतं.

दुसरी चूक जिवावरची आहे. बंदूक भरलेली नसली तरी आतली स्प्रिंग दाबूनच बसवलेली असते. मागची पिन ठोकून काढली की ती सगळा जोर बाहेर टाकते. जालन्याकडचा एक मुलगा मोबाइलवर व्हिडिओ बघत बंदूक मांडीवर धरून पिन काढत होता. मागचा ठोकळा सुटला, भिंतीचं प्लास्टर फोडून खाली पडला. मुलाच्या हनुवटीला टाके पडले. चेहरा दोन इंच पुढे असता तर डोळा गेला असता. वडील बंदूक घेऊन आले तेव्हाही त्यांचा प्रश्न होता, "पिन कुठं मिळेल?" सुताराचा लांब क्लॅम्प घ्या, स्प्रिंग त्यात दाबून धरा, मग पिन काढा, मग क्लॅम्प हळूहळू ढिला करा. क्लॅम्प नसेल तर बंदूक उघडू नका. व्हिडिओत तो माणूस हातानं करतो, हे मला सांगू नका.

जोर वाढवायला मोठी स्प्रिंग कापून घालणं किंवा मागे चकत्या भरणं, हाही आवडता उद्योग आहे. वेढे एकमेकांना टेकतात, बंदूक चढतच नाही, म्हणजे पिस्टन मागे जाऊन अडकत नाही, आणि जबरदस्ती केली की त्याला अडवून धरणारा खटका वाकतो. नेम तर आणखी बिघडतो. पाखरं मारायला जोर हवा म्हणून कुणी आलं तर मी बंदूक तशीच परत देतो.

चाप हलका करायला खटका कानशीनं घासू नका. त्याचा वरचा कडक थर गेला की तो केव्हाही सुटतो. नळी मोडलेली असताना सुटला तर ती जोरात मिटते आणि बोटं सापडतात. छरा भरताना नळी नेहमी एका हातानं घट्ट धरून ठेवा.

छरा न घालता चाप ओढू नका, पिस्टन कोरडा आपटतो. चढवलेली बंदूक तशीच ठेवून जेवायला जाऊ नका. फुग्यामागच्या फळीतून उकरलेले चपटे छरे परत वापरू नका. सायकलच्या पोलादी गोळ्यांनी नळीतल्या आट्या, म्हणजे आतल्या पिळदार खाचा, जातात. जुन्या चपलेचं चामडं गोल कापून वायसर होत नाही, त्याला वाटीसारखी कड लागते, तीच हवा अडवते.

आणि उघडायच्या आधी बाहेरून बघा. दस्त्याचे स्क्रू धक्क्यांनी सैल होतात, नेम हलण्याचं कारण बऱ्याचदा तेवढंच असतं. मग नळीच्या सांध्यावर पातळ कागदाची पट्टी ठेवा, छरा घाला आणि वाळूच्या पोत्यावर बार काढा. पट्टी उडाली तर हवा तिथून जाते आहे. सांध्यातला छोटा वायसर बदला, स्प्रिंगला हात लावायचं कामच नाही.