छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची वजाबाकी

५/६ मधून ३/८ वजा करायचे आहेत. अंशातून अंश आणि छेदातून छेद वजा केला, तर वर २ आणि खाली −२ येतात. म्हणजे उत्तर −१! मोठ्या संख्येतून लहान संख्या काढली आणि उत्तर उणे आलं, म्हणजे रीतच चुकली. छेद फक्त एकेक भाग केवढा आहे ते सांगतो. वजा होतात ते अंश, आणि त्यासाठी भाग सारखे हवेत.

म्हणून आधी समच्छेद करून घ्या. मोठ्या छेदाचा पाढा म्हणा: ८, १६, २४. चोवीसला ६ ने निःशेष भाग जातो, म्हणून लसावि (दोन्ही छेदांनी निःशेष भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) २४. आता २४ ÷ ६ = ४, तेव्हा ५/६ चे अंश आणि छेद दोन्ही ४ ने गुणा: २०/२४. तसंच ३/८ ला वर-खाली ३ ने गुणून ९/२४. घाईत छेद बदलला जातो आणि अंश गुणायचा राहतो, तेवढं सांभाळा. मग २० − ९ = ११, छेद तोच. उत्तर ११/२४.

लसावि सुचत नसेल तर छेदांचा गुणाकार ४८ घेतलात तरी चालेल: ४०/४८ − १८/४८ = २२/४८, संक्षिप्त रूप ११/२४. आकडे फुगतात, एवढंच. उलट लसावि घेऊनही संक्षेप करावा लागू शकतो: ७/१० − १/६ = २१/३० − ५/३० = १६/३० = ८/१५.

खरी गडबड होते ती पूर्णांकयुक्त अपूर्णांकांत. ४ पूर्णांक १/६ मधून १ पूर्णांक ३/४ वजा करताना समच्छेदानंतर २/१२ मधून ९/१२ जात नाहीत. इथे अनेक जण उलटं ९ मधून २ वजा करून मोकळे होतात. त्याऐवजी ४ मधला १ हातचा घ्या. पण हा हातचा दहा नव्हे, १२/१२ आहे. सवयीने दहा मिळवले की उत्तर बिघडतं. १२ आणि २ मिळून १४, म्हणून ३ पूर्णांक १४/१२ − १ पूर्णांक ९/१२ = २ पूर्णांक ५/१२.

हातच्याचा घोळ नको असेल तर दोन्ही अंशाधिक करा, म्हणजे पूर्णांकही अंशात मिळवून अंश छेदापेक्षा मोठा असलेला एकच अपूर्णांक लिहा: २५/६ − ७/४ = ५०/१२ − २१/१२ = २९/१२, म्हणजे पुन्हा २ पूर्णांक ५/१२. पूर्णांक मोठे असतील तर मात्र हातच्याचीच रीत सोपी पडते.