‘बघतो’ म्हणू नका, तारीख सांगा

गेल्या आठवड्यात सोमवारी संध्याकाळी समोरच्या वहिनींची लेक आमच्याकडं आली. चेहरा उतरलेला, हातात मोबाईल. मेकॅनिकल होऊन दोन वर्षं झालीत, कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीत (मालाच्या तपासणीत) आहे. त्याच दिवशी तिला शिरोलीतल्या एका फाउंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं, ऑफर लेटर आलं होतं, आणि पुण्याकडच्या चाकणच्या एका कंपनीत टूल डिझाइनच्या जागेसाठी शेवटची मुलाखत होऊन निकाल यायचा होता.

"मग शिरोलीवाल्यांना काय सांगितलंस?"

"बघतो म्हणालो, काकू."

तिथंच मी तिला थांबवलं. आपल्याकडं ‘बघतो की’ म्हटलं की घरातल्या लहान पोरालाही कळतं काय ते. उसने पैसे मागायला आलेल्याला, मुक्कामाचा आग्रह करणाऱ्या पाहुण्याला आपण तेच सांगतो, कारण तोंडावर नाही म्हणणं जिवावर येतं. पण ऑफर देणारा माणूस ते अर्धं ‘हो’ धरतो आणि पुढच्या कामाला लागतो. मी २१ वर्षं शिरोलीच्याच एका फाउंड्रीत पर्सोनेलला, म्हणजे नोकरभरतीच्या खात्यात, काढली. टेबलाच्या त्या बाजूला काय घडतं ते मी पाहिलंय.

एकदा आमच्या क्वालिटीतली रात्रपाळीची जागा रिकामी झाली. एका मुलाला निवडलं, तो म्हणाला, "सोमवारी हजर होतो." दुसऱ्या नंबरवर इचलकरंजीचा एक मुलगा होता, त्याला मी स्वतः फोन करून जागा भरली म्हणून सांगितलं. सोमवार उजाडला, निवडलेल्या मुलाचा फोन बंद. मंगळवारीही बंद. इचलकरंजीच्या मुलाला विचारावं तर तो तोवर दुसरीकडं लागलेला. तीन आठवडे दोघा जणांनी बारा-बारा तासांच्या पाळ्या ओढल्या. त्यातल्या एकाच्या पुतणीचं बारसं होतं, त्याला जाता आलं नाही. त्या मुलानं शुक्रवारी फोन करून ‘येत नाही’ म्हटलं असतं तर मला जराही राग आला नसता. ते दोघे आठवले की अजून वाईट वाटतं.

म्हणून पत्र आलं की त्याच दिवशी पोच द्या. पोच म्हणजे होकार नव्हे. फोनवर कुणी अभिनंदन केलं तर आभार माना, पण आनंदाच्या भरात ‘येते’ म्हणून बसू नका. मेल इंग्रजीत पाठवायचा असला तरी आधी आपल्या भाषेत वाक्य जुळवून बघा, म्हणजे त्यात फापटपसारा येत नाही. तिला मी असं सांगितलं:

"आपलं ऑफर लेटर मिळालं, आभारी आहे. पत्र नीट वाचून आणि घरी बोलून मी गुरुवारी सकाळी ११ पर्यंत निर्णय कळवते. ही मुदत आपल्याला अडचणीची असेल तर कृपया सांगावं."

यात वार आहे आणि वेळ आहे. ‘थोडा वेळ द्या’ म्हटलं की समोरच्याला काहीच धरून चालता येत नाही. मी स्वतः नव्या पोरांना तीन दिवस द्यायची. बायकामुलं घेऊन गाव बदलणाऱ्याला आठवडा. त्याहून जास्त हवं असेल तर खरं कारण सांगावं लागतं. आणि मागितलेली मुदत एकदाच. दुसऱ्यांदा वाढवून मागितली की आम्ही मनातल्या मनात पुढच्या उमेदवाराची फाइल वर काढायचो.

इथं एक धोका माहीत असू द्या. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ५ प्रमाणे तुमचा होकार रवाना होण्याआधी प्रस्ताव देणारा तो मागं घेऊ शकतो. म्हणजे मुदत मागितली म्हणून जागा तुमच्यासाठी बांधून ठेवलेली नसते. आणि उलट, मेलवर ‘मान्य आहे’ असं लिहिलंत तर ते सहज म्हटलं होतं, असं नंतर सांगता येत नाही.

मुदत मिळाली की ती वाट बघण्यात घालवू नका. त्या रात्री आम्ही दोघींनी जेवणं झाल्यावर ते पत्र पुढ्यात घेतलं. वर्षाचा आकडा ४,२०,००० होता, म्हणून वहिनी खूश होत्या, महिन्याला ३५ हजार! मी वही घेतली. मूळ पगार १७,५००. त्यावर कंपनीचा पीएफ १२ टक्के म्हणजे २,१००, तो याच ३५ हजारांत धरलेला. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, ४.८१ टक्के, म्हणजे साधारण ८४२, तीही त्यातच. आणि ती बहुतेकांना पाच वर्षं सलग नोकरी झाल्यावरच मिळते. मग तिच्या वाट्याचा पीएफ पुन्हा २,१००, व्यवसाय कर २००. हातात येणार २९,७५८. आकडा वाईट नाही, पण निर्णय ३५ वर घ्यायचा की याच्यावर, हे आधी कळायला हवं. शिवाय नोटीस किती दिवसांची, बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची लेखी अट) आहे का, प्रोबेशन किती, पाळी कुठली, हे बघा. प्रश्न असतील तर सगळे एकाच मेलमध्ये विचारा. रोज एक प्रश्न पाठवणारा माणूस टाळाटाळ करतोय असंच वाटतं.

दुसऱ्या कंपनीलाही त्याच काळात फोन करावा. तिनं मंगळवारी सकाळी चाकणला केला: "माझ्याकडं दुसरी ऑफर आहे, गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचंय. आपला निर्णय बुधवारपर्यंत कळू शकेल का?" इतकंच. कंपनीचं नाव सांगायची गरज नाही आणि पगाराचा आकडा फुगवून तर मुळीच सांगू नये. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, या सगळ्या पट्ट्यातली आम्ही पर्सोनेलची माणसं एकमेकांना ओळखतो. खोटा आकडा दोन दिवसांत उघडा पडतो. पुण्याकडंही आपली माणसं कमी नाहीत.

चाकणवाल्यांनी सांगितलं, अजून दहा दिवस लागतील.

अशा वेळी पोरं अडकतात. एक हातात, एक झाडावर. माझा एकच प्रश्न असतो आणि तो मी तिलाही विचारला: "चाकणचं आलंच नाही असं समज. मग शिरोलीला आनंदानं जाशील?" उत्तर हो असेल तर ऑफर घ्यावी आणि मग चाकणचं पत्र आलं तरी तिकडं बघू नये. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "न्हाई काकू. तिथंही तपासणीच करायची. पगार वाढंल, पण काम तेच. मला डिझाइनला जायचंय." मग गुरुवारपर्यंत थांबायचं कशाला? शिरोलीची ऑफर धरून ठेवायची आणि चाकणचं आलं की सोडायची, हे मला पटत नाही. तेवढ्या दिवसांत तिकडं कुणीतरी दुसऱ्याची पाळी ओढत असतं.

पण फोन करण्याआधी एक काम होतं, आणि आपल्याकडं हेच सगळ्यात जड जातं. त्या जागेसाठी तिचं नाव तिच्या मामांनी सुचवलं होतं. कोल्हापुरात निम्म्या नोकऱ्या अशाच कुणाच्या तरी शब्दावर पुढं सरकतात. त्या माणसाला नकार कंपनीकडून कळला तर तो कायमचा दुखावतो. म्हणून आधी त्याच्याकडं, आणि जमेल तर समक्ष. ती मंगळवारी रात्री मंगळवार पेठेत मामांकडं गेली. "मामा, तुम्ही शब्द टाकलात म्हणून मुलाखत झाली. पण मला त्या कामात जायचं नाही. उद्या मी त्यांना कळवणार आहे, म्हणून आधी तुम्हाला सांगायला आले." मामा थोडे तणतणले, मग म्हणाले, "जेवून जा." मामांनाच फोन करून कळवायला मात्र लावू नये. नकार आपला, तो आपल्याच तोंडून जावा.

नकार देताना आधी फोन आणि मग लगेच मेल, असा क्रम ठेवा. कामाच्या वेळेत, पण पाळी बदलायच्या धांदलीत नको. कारण एका वाक्यात आणि खरं. पगार हे कारण तेव्हाच सांगा, जेव्हा पगार वाढवला तर तुम्ही खरंच जाल. नाहीतर समोरचा दोन हजार वाढवतो आणि मग तुम्हाला नवं कारण शोधावं लागतं. आजी आजारी आहे, वडील नको म्हणतात, असलं काही सांगू नका. घरच्यांच्या नावावर खोटं बोलू नये. ताटावर आडवा हात धरला तरी वाढपी रस्सा ओततोच, तसा तिकडूनही आग्रह होईल. तेव्हा तेच वाक्य पुन्हा म्हणायचं, सौम्यपणे, नवं काही न जोडता. मेल असा:

"आपण मला निवडलंत आणि विचारासाठी वेळ दिलात, याबद्दल मनापासून आभार. ही नोकरी न स्वीकारण्याचा निर्णय मी घेतला आहे. मला तपासणीऐवजी टूल डिझाइनच्या कामाकडं वळायचं आहे. आपली पुढची निवड अडू नये म्हणून आजच कळवत आहे."

आधी हो म्हणून नंतर मन बदललं असेल तर? ज्या दिवशी ठरलं त्याच दिवशी फोन. माफी एकदा मागा, पत्रात काय मान्य केलं होतं ते पुन्हा वाचा, काही पैसे आगाऊ घेतले असतील तर परत कसे करायचे ते स्वतःहून विचारा. चार दिवस रुजू होऊन गायब होणं हा यावरचा उपाय नाही. तुमच्या नावानं पीएफचा भरणा झाला की ती नोंद यूएएनवर, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायमच्या नंबरावर, राहते आणि पुढची कंपनी तपासणीत नेमकं तेच विचारते. कॉलेजच्या कॅम्पसमधून मिळालेली नोकरी असेल तर आधी प्लेसमेंटच्या सरांशी बोला, कारण पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी ती कंपनी त्यांनाच परत बोलवायची असते.

बुधवारी सकाळी साडेदहाला तिनं आमच्या गॅलरीत उभं राहून फोन लावला. मी आत भाजी निवडत होते, कान तिकडंच. "नमस्कार सर, मी..." आवाज पहिल्या वाक्याला कापला, मग सरळ झाला. तिकडून काहीतरी विचारलं गेलं, तिनं तेच वाक्य पुन्हा सांगितलं. तीन मिनिटंही लागली नसतील. आत येऊन म्हणाली, "सर म्हणाले, आज सांगितलंस ते बरं झालं, दुसऱ्या मुलाला आत्ताच बोलावतो." मग पिशवी उचलून ती गोकुळ शिरगावला दुसऱ्या पाळीला गेली. चाकणचं अजून काही आलेलं नाही.