नव्या शहरात संगीत वर्गासाठी जागा कशी निवडावी

बदली, लग्न किंवा मुलांचे शिक्षण अशा कारणाने पुण्यात राहायला आलेला गायन-वादनाचा शिक्षक सामान लागताच वर्गासाठी खोली शोधू लागतो. बहुतेक जण भाडे आणि चौरस फूट इथून सुरुवात करतात. माझ्या मते खोली सर्वांत शेवटी ठरवावी. आपल्याकडे कोण शिकायला येणार आणि तो संध्याकाळी सहा वाजता किती वेळात पोहोचणार, हे आधी ठरले की निम्म्या जागा आपोआप बाद होतात.

पहिली पायरी म्हणून विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावेत. सहा ते बारा वर्षांची मुले शाळेनंतर पाच ते आठच्या दरम्यान येतात आणि त्यांना आणणारे बहुधा आजी-आजोबा असतात. त्यामुळे वर्ग घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आणि फार जिने न चढता गाठता येण्याजोगा हवा. नोकरदार मंडळी साडेसातनंतर किंवा शनिवार-रविवारी येतात, तर निवृत्तांना आणि गृहिणींना सकाळी अकराची वेळ सोयीची पडते. विशारद या संगीतातल्या वरच्या परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी मात्र चांगल्या गुरूसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाहूनही येतात. त्यांच्यासाठी घराजवळची वस्ती महत्त्वाची नसते, जवळचे मेट्रो स्थानक किंवा बसथांबा महत्त्वाचा असतो.

यानंतर नकाशा घ्यावा, पण अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये. कर्वेनगर आणि सिंहगड रस्ता यांच्यामध्ये मुठा नदी आहे. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या या दोन भागांतला प्रवास संध्याकाळी राजाराम पुलावरच्या गर्दीत रखडतो. म्हणून ज्या वाराला आणि ज्या वेळेला वर्ग घ्यायचा आहे, त्याच वेळी तो रस्ता स्वतः दुचाकीवरून पार करून पाहावा. लहान मुलांच्या पालकांना पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील, तर दोन-तीन महिन्यांत गळती सुरू होते. पौड रस्ता आणि कर्वे रस्त्याच्या बाजूला वनाज, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप ही मेट्रो स्थानके असल्याने मोठ्या विद्यार्थ्यांसाठी हा पट्टा सोयीचा ठरतो.

सदाशिव किंवा नारायण पेठेत जावे की बाणेर-बालेवाडीसारख्या नव्या उपनगरात, हा प्रश्न नवख्या शिक्षकाला हमखास पडतो. पेठांत गाण्याच्या क्लासला मूल पाठवण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. विनायकबुवा पटवर्धनांनी 1932 साली स्थापन केलेले गांधर्व महाविद्यालय याच शहरातले. पण तिथे मुरलेले शिक्षकही पुष्कळ आहेत आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. उपनगरात पालकांना क्लास शोधावा लागतो, त्यामुळे विद्यार्थी लवकर मिळू शकतात. मात्र सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये शिकवायचे असल्यास बाहेरच्या मुलांना प्रवेश आहे का, हे आधी विचारावे. परिसरातल्या जुन्या शिक्षकांना जाऊन भेटणे हा शिष्टाचार तर आहेच, शिवाय तिथे कशाची उणीव आहे हेही त्यांच्याकडूनच कळते. गायनाचे चार क्लास असलेल्या गल्लीत तबल्याचा एकही नसतो, असे पुष्कळदा आढळते.

भाग ठरला की मग खोली पाहावी, आणि ती रिकामी असतानाच ऐकावी. मध्यभागी उभे राहून जोराने एक टाळी वाजवावी. टाळीमागून झणझणीत कंप ऐकू आला, तर सतरंजी, जाड पडदे आणि पुस्तकांचे कपाट आल्याशिवाय तिथे स्वर स्पष्ट लागणार नाही. त्यानंतर मोबाइलवर तानपुरा लावून पंखा पूर्ण वेगाने सुरू करावा. पंख्याच्या घरघरीत खर्ज, म्हणजे खालचा जाड स्वर, बुडत असेल, तर उन्हाळ्यात वर्ग कसा चालेल याचा विचार आत्ताच केलेला बरा. पाण्याचा पंप, लिफ्ट, शेजारच्या स्वयंपाकघरातल्या शिट्ट्या हे आवाज शिकवण्याच्या वेळीच ऐकावेत. दुपारी दोन वाजता सगळ्याच खोल्या शांत असतात. डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या मोठ्या वाद्याचा, घुमार मात्र फरशीतून खालच्या घरात उतरतो, म्हणून तबल्यासाठी तळमजला उत्तम. पण तळमजल्याच्या भिंतींवर जमिनीलगत ओलीचे डाग आहेत का ते पाहावे, कारण दमट हवेत तबल्याची पुडी (वरचे कातडे) सैल पडून स्वर उतरतो आणि हार्मोनियमच्या भात्याला बुरशी येते. चार-पाच जणांना वाद्ये घेऊन बसायला दहा बाय बारा फुटांची खोली पुरते.

कागदपत्रांत दोन गोष्टी विसरू नयेत. लिव्ह अँड लायसन्स करारात वापर ‘केवळ निवासासाठी’ असा लिहिलेला असतो; तिथे वर्ग घेण्याची मुभा शब्दांत नोंदवून घ्यावी, करार नोंदणीकृत करावा आणि सोसायटीची संमती लेखी घ्यावी. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल असून, रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. तक्रार आली तर नियम दाखवण्यापेक्षा खालच्या घरी परीक्षा किंवा आजारपण आहे का, हे आधी विचारणे अधिक उपयोगी पडते.

भाड्याचा हिशेब बारा महिन्यांच्या फीवर करू नये. एप्रिल-मेमध्ये सुट्या लागतात, मुले गावी जातात आणि फी थांबते, भाडे मात्र थांबत नाही. महिना 1,500 रुपये देणारे 20 विद्यार्थी धरले, तर दहा महिन्यांचे 3,00,000 रुपये होतात. त्यातला जास्तीत जास्त एक तृतीयांश जागेला द्यायचा म्हटले तर महिन्याला साधारण 8,300 रुपये बसतात. 1901 साली लाहोरला मूळ गांधर्व महाविद्यालय सुरू करून 1908 साली मुंबईत आलेल्या गायक पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी कर्ज काढून उभारलेली विद्यालयाची वास्तूसुद्धा पुढे लिलावात गेली. त्यांच्यासारख्यांना जे पेलले नाही, ते नव्या शहरात पहिल्याच वर्षी करू जाऊ नये.

म्हणूनच करारापूर्वी दोन-तीन महिने तासाच्या दराने मिळणाऱ्या जागेत शिकवून पाहावे. देवळाचा सभामंडप, वाचनालयाची खोली, शाळा सुटल्यावर मिळणारा वर्ग यांपैकी काहीतरी विचारपूस केली की मिळते. याच काळात अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचे सर्वांत जवळचे केंद्र कोणते, तेही शोधून ठेवावे. पालक पहिल्याच भेटीत त्याबद्दल विचारतात. कायमची जागा घ्यायची असल्यास मे महिन्यातच ठरवावी. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि मुलांचे वर्षाचे वेळापत्रक पालक त्याच सुमारास आखतात. जुलैत लावलेल्या पाटीकडे मग दिवाळीनंतरच कोणाचे लक्ष जाते.