वरून टाकलेलं अंडं फुटू नये म्हणून डबा कसा करायचा

शाळेत एग ड्रॉपचं प्रोजेक्ट मिळालं की बहुतेक पोरं अंड्याभोवती कापूस ठासून भरतात, वर पुठ्ठा, त्यावर चिकटटेपचे वेढ्यावर वेढे, आणि डबा एकदम टणक करून टाकतात. मग खाली पडल्यावर टेप शाबूत, पुठ्ठा शाबूत आणि आत सगळा बलक.

हिशेब बघा म्हणजे कळेल. अंडं धरा 60 ग्रॅमचं आणि उंची 6 मीटर, म्हणजे साधारण दुसऱ्या मजल्याची गॅलरी. जमिनीला टेकेपर्यंत वेग सेकंदाला जवळजवळ 11 मीटर होतो, म्हणजे ताशी 39 किलोमीटर. हा वेग शून्यावर येणारच, आपल्या हातात एवढंच आहे की तो किती अंतरात शून्यावर आणायचा. नुसतं अंडं फरशीवर आपटून 2 मिलिमीटरात थांबलं तर सरासरी 1,760 न्यूटन बल बसतं, जवळपास 180 किलोचा भार, आणि तेच 10 सेंटिमीटरात हळूहळू थांबवलं तर 35 न्यूटनच्या आसपास, साडेतीन किलो. उंचीला थांबायच्या अंतराने भागा आणि अंड्याच्या वजनाने गुणा, घरी करायला एवढं पुरे. साडेतीन किलोसुद्धा एकाच टोकावर आले तर टरफल जाईल, म्हणून तो भार सगळ्या बाजूंनी पसरला पाहिजे.

आता सामान. आपल्याकडे गोव्यात विकत काही आणायची गरजच नाही, नारळाचं सोडण आहे ना! माडावरून पडलेला नारळ आत सहसा फुटत नाही त्याचं बरंचसं श्रेय त्या जाड सोडणाचं, ते दबतं आणि नारळाला थांबायला अंतर देतं. सुकं सोडण घ्या, काथ्या हाताने पिंजून मोकळा करा. अंडं झिपलॉकच्या पिशवीत घालून जुन्या मोज्यात सरकवा, आणि डब्यात मधोमध असं ठेवा की खाली, वर, बाजूंना सगळीकडे हाताची चार बोटं आडवी मावतील एवढा काथ्या राहील. खालच्या बाजूला त्याहून जास्त दिलात तर उत्तम. काथ्या ठासायचा नाही, दाबला की खाली गेला पाहिजे, पण डबा हलवल्यावर अंडं आत फिरता कामा नये, हे दोन्ही एकदम जमवणं हेच खरं काम आहे आणि इथेच वेळ घालवा. भाताचा पेंढाही चालतो. पावसाळ्यात मात्र आधी सामान उन्हात किंवा चुलीजवळ सुकवून घ्या, दमट पुठ्ठा आणि ओला पेंढा आधीच बसून जातो आणि मग पडताना दबायला काही उरत नाही.

अंडं उभं ठेवायचं की आडवं? टोकाकडून ते जास्त मजबूत असं सगळेच सांगतात, आणि हळूहळू दाबताना उभं अंडं टणक असतंच. पण 2025 साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी अंडी खरोखर टाकून पाहिली, अवघ्या 8 मिलिमीटरवरून, तर उभी पडलेली निम्म्याहून जास्त तडकली आणि आडवी पडलेली दहा टक्क्यांहूनही कमी. आडव्या बाजूला टरफल जरा जास्त वाकतं, म्हणजे परत तेच, थांबायला जास्त अंतर. म्हणून मी तर आडवंच ठेवा म्हणेन.

पॅराशूट लावायचं असेल तर पातळ प्लास्टिकची पिशवी आणि चार सारख्या लांबीचे दोरे पुरतात. वेग निम्मा झाला की ऊर्जा पाव होते, फायदा मोठा आहे. पण 6 मीटर पडायला सेकंदभरच लागतो, त्यामुळे पिशवी आधीच उघडी धरून सोडा, आणि सकाळीच टाका, दुपारी समुद्राकडचा वारा सुटला की डबा माडात जाऊन अडकतो.

पहिल्या ट्रायलला उकडलेलं अंडं वापरा, वजन तेवढंच, तडे दिसतात आणि राडा होत नाही. टाकल्यावर डबा उघडून काथ्या बघा. जवळजवळ दबलाच नसेल तर पॅकिंग फार कडक आहे, थोडा काढा. अंडं थेट तळाला जाऊन टेकलं असेल तर फार मऊ आहे किंवा थर कमी पडला, वाढवा. डबा चेंडूसारखा उसळत असेल तर रबर, स्पंज असलं काही कमी करा, कारण उसळताना वेग नुसता थांबत नाही, उलटा फिरतो, आणि परत पडताना डबा कुठल्या बाजूवर येईल याचा नेम नसतो. दबून तसाच राहणारा थर सगळ्यात चांगला, म्हणून प्रत्येक वेळी काथ्या परत पिंजून मगच भरा, आणि उकडलेलं अंडं तडा न जाता खाली आलं की त्याच डब्यात त्याच मापाने कच्चं घाला.