डबलसीट प्रवासात मागच्या माणसाचा विचार

मोटारसायकल चालवणाऱ्याला समोरचा खड्डा दिसतो, ब्रेक कधी लागणार हे ठाऊक असते आणि धरायला हँडल असते. मागे बसणाऱ्याच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही. शिवाय चालक दोन चाकांच्या साधारण मधोमध बसतो, तर मागचा माणूस जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावरच बसलेला असतो. त्यामुळे एकाच खड्ड्याचा दणका दोघांना सारखा लागत नाही. म्हणून नवी गादी विकत घेण्याआधी भरवशाच्या चालकाच्या हाती आपली गाडी द्यावी आणि पंधरा-वीस किलोमीटर स्वतः मागे बसून पाहावे. मी तसे केले, तेव्हा सीट कडक आहे ही माझी समजूत पहिल्या दहा मिनिटांतच गळून पडली. खरा त्रास दोन गोष्टींचा होता: उंच फूटरेस्टमुळे गुडघे भरून येत होते आणि प्रत्येक ब्रेकला मी पुढे घसरत होतो.

सर्वात आधी मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर पाहावेत. एकट्यासाठी लावलेली स्प्रिंग दोघांच्या वजनाने खूप खाली बसते, मग मोठ्या खड्ड्यात शॉक अ‍ॅब्सॉर्बर तळाला टेकतो आणि तो धक्का थेट मागच्याच्या कण्यात जातो. बहुतेक गाड्यांवर स्प्रिंगच्या टोकाशी खाचांची कडी असते आणि ती वाकड्या पान्याने फिरवून स्प्रिंगचा ताण वाढवता येतो. दोन शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतील तर दोन्ही कड्या एकाच खाचेवर ठेवाव्यात. ताण एकेक खाच वाढवून ओळखीच्या खराब रस्त्यावर गाडी फिरवून पाहावी, कारण गरजेपेक्षा जास्त ताण दिला तर लहानसहान उंचवटेही मागच्याला उसळवू लागतात. शॉक अ‍ॅब्सॉर्बर जास्तीत जास्त जितका दबू शकतो, त्याच्या साधारण एक तृतीयांश तो दोघे बसल्यावर दबला, तर जुळणी बरी समजावी. टायरमधील हवा दोघांसाठी वेगळी सांगितलेली असते. तो आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत सापडतो आणि हवा टायर थंड असतानाच तपासायची असते.

सीटच्या बाबतीत जाड आणि मऊ म्हणजे आरामदायी हा समज सोडून द्यावा. फार मऊ फोम अर्ध्या तासात दबतो आणि खालचा कडक तळ टोचू लागतो. त्यापेक्षा सीटचा पुढे झुकणारा उतार काढून ती सपाट करून घेतली, तर घसरणे थांबते, आणि उंची थोडी वाढली तर गुडघ्यांचा कोनही मोकळा होतो. मात्र त्यानंतर तळपाय फूटरेस्टवर पूर्ण टेकतात ना, हे पाहावे. हवेची उशी वापरणारे बहुतेक जण ती गच्च फुगवतात आणि मग डुगडुगत बसतात. उशीवर बसून, अंग सीटपासून जेमतेम सुटेल इतकीच हवा त्यात ठेवावी.

यानंतरचे सारे चालकाच्या उजव्या मनगटावर आहे. गिअर बदलताना अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात बंद केला की मागच्याचे डोके पुढे येते आणि हेल्मेटवर हेल्मेट टक्कन आदळते. एका फेरीत असे किती वेळा झाले हे मोजावे. चालवण्याचा याहून प्रामाणिक निकाल दुसरा नाही. अ‍ॅक्सिलरेटर सावकाश सोडावा, क्लच हळुवार जोडावा आणि थांबायचे असेल तेव्हा ब्रेक लवकर, आधी हलका आणि मग वाढवत दाबावा. गतिरोधक जवळ आला की एक शब्द बोलून सांगावे, म्हणजे मागच्याला फूटरेस्टवर भार देऊन अंग किंचित उचलता येते.

मागच्यालाही काही गोष्टी निघण्यापूर्वीच सांगून ठेवाव्यात. चालकाचे दोन्ही पाय जमिनीवर आणि पुढचा ब्रेक दाबलेला असल्याशिवाय चढू-उतरू नये. एक हात मागच्या ग्रॅब रेलवर, म्हणजे सीटमागच्या धरायच्या दांडीवर, आणि दुसरा चालकाच्या कमरेशी ठेवला, तर वेग घेताना आणि ब्रेक लागताना दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. वळणावर ज्या बाजूला वळायचे त्या बाजूच्या चालकाच्या खांद्यावरून पुढे पाहावे. अंग आपोआप गाडीबरोबर कलते आणि मुद्दाम झुकावे लागत नाही. मांडीवर एक थाप म्हणजे वेग कमी कर, दोन म्हणजे थांब, एवढी खूण ठरली तरी वाऱ्याच्या आवाजात ओरडावे लागत नाही. मागचा माणूस चालकापेक्षा लवकर आंबतो, कारण त्याला एकाच अवस्थेत जखडून बसावे लागते. म्हणून त्याने मागण्याची वाट न पाहता तासाभराने गाडी थांबवावी. उतरताना उघडी पोटरी तापलेल्या सायलेन्सरला लागणार नाही, याकडे लक्ष ठेवावे.

रात्री निघायचे असेल तर दोघे बसलेले असताना हेडलाइटचा झोत तपासावा, कारण मागची बाजू दबली की झोत वर जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. मागची जागा रिकामी झाल्यावर स्प्रिंगचा ताण आणि टायरची हवा पुन्हा एकट्यासाठीच्या मापावर आणावी. नाहीतर दुसऱ्या दिवशी तीच गाडी चालकाला उसळवत नेते.