ब्रेस्ट कॅन्सरमध्ये छातीतलं पाणी काढायचंय? मग आधी या चुका टाळा

"अहो छोटंसंच आहे, सुई लावतील, पाणी काढतील, संध्याकाळी घरी." आमच्या इंदोरात ज्यांच्या घरी हे दुखणं आहे त्यांच्याकडे हे वाक्य ऐकू येतंच, आणि ते खोटंही नाही, टॅपिंग, म्हणजे हे सुईने पाणी काढणं, काही ऑपरेशन नव्हे. पण सगळे घोळ होतात ते त्या "छोटंसं" मुळेच. पेशंट चौथ्या स्टेजची, गोळ्या चालू, हाडांत पसरलेलं, काखेतल्या गाठी काढलेल्या, छातीत केमोचा पोर्ट (औषध द्यायला कातडीखाली बसवलेली डबी), ही सगळी माहिती कॅन्सरवाल्या डॉक्टरांकडे. आणि पाणी काढणार छातीचे डॉक्टर, बऱ्याचदा दुसऱ्याच हॉस्पिटलात, ज्यांनी बाईंना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलेलं असतं. ते दोघं एकमेकांना फोन करतील या भरवशावर राहू नका. निरोप्या तुम्हीच.

मी डॉक्टर नाही, घरी सासूबाईंचं हे सगळं बघते आणि ओपीडीच्या बाकावर बसून बाकीच्यांचंही खूप ऐकलंय, त्यातून लिहितेय. तुमच्या पेशंटचं शेवटचं तुमचे डॉक्टरच सांगणार, हे धरून वाचा.

पाणी पिणं बंद करणं

ही तर घरोघरी होणारी चूक. छातीत पाणी झालं म्हटलं की लगेच कोणीतरी काकू सांगणार, पाणी कमी दे, भात बंद कर, ताक तर नावच काढू नको. अहो, ते पाणी आपण प्यायलेलं पाणी नाही. फुफ्फुसावर आणि छातीच्या आतून असे दोन पातळ पडदे असतात, त्यांच्यामध्ये थोडासा ओलावा कायम असतो, तो तयार होतो आणि शोषलाही जातो. कॅन्सरच्या पेशी त्या पडद्यावर बसल्या की स्राव वाढतो आणि शोषून घेणाऱ्या बारीक वाहिन्या तुंबतात, म्हणून ते साठतं. घोटभर ताकाने ते वाढत नाही आणि तहानलेलं ठेवून ते उतरत नाही. उलट माणूस कोरडं पडतं, बीपी खाली जातं, आणि केमोने आधीच रुसलेल्या शिरा सुई लावायला सापडत नाहीत. हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर ते पाळा, ती गोष्ट वेगळी.

दम लागला म्हणजे पाणीच, असं धरून चालणं

एकदा पाणी निघालं आणि बरं वाटलं की पुढच्या वेळी दम लागला तरी सगळे म्हणतात "पुन्हा भरलं असेल, काढून टाका". असेलही. पण या आजारात दम लागायची कारणं चिकार आहेत. हिमोग्लोबिन पडलेलं असतं, फुफ्फुसात रक्ताची गुठळी जाऊ शकते (कॅन्सरमध्ये तो धोका मुळातच जास्त, टॅमॉक्सिफेन आणि अबेमासिक्लिब या ब्रेस्ट कॅन्सरच्या गोळ्यांनी आणखी वाढतो), ट्रास्टुझुमॅब या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, आणि ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान, एव्हरोलिमस अशा औषधांनी फुफ्फुसालाच सूज येऊ शकते, तिच्यावर पाणी काढणं हा इलाजच नाही. म्हणून सरळ विचारा, पाणी किती आहे, दम त्याच्यामुळेच आहे का, आणि सोनोग्राफीने जागा बघूनच सुई घालणार ना. सोनोग्राफीत बघून काढलं की फुफ्फुसाला सुई लागायचा धोका कमी होतो, एवढं विचारायला लाजू नका.

गोळ्यांची यादी "लक्षात आहे" म्हणणं

लक्षात नसते. काउंटरवर उभं राहून "एक सकाळची पांढरी, एक रात्रीची" असं सांगणारे मी बघितलेत. सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घाला, किंवा एका कागदावर नाव, डोस, शेवटची कधी घेतली, एवढं लिहा. सगळ्यात महत्त्वाच्या रक्त पातळ करणाऱ्या: क्लोपिडोग्रेल, अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, वॉरफॅरिन, पोटाच्या कातडीत घ्यायची एनॉक्सापॅरिनची इंजेक्शनं. यात दोन्ही बाजूंनी चुका होतात. कोणी सांगतच नाही, आणि कोणी शेजारच्या कोणाच्या अँजिओच्या वेळी बंद केली होती म्हणून आपल्या मनाने आठवडाभर बंद करून टाकतो. गुठळीसाठी चालू असलेली गोळी अशी सोडणं फार वाईट. साध्या टॅपिंगला काही वेळा ती बंदही करत नाहीत, पण फुफ्फुसाची बायोप्सी (तपासायला तुकडा काढणं) असेल तर बहुतेक वेळा करतात, आणि किती दिवस आधी हे औषधागणिक वेगळं, क्लोपिडोग्रेलचा असर जायला ५ ते ७ दिवस लागतात, एनॉक्सापॅरिनचा दिवसभरात उतरतो. ज्यांनी लिहून दिली त्यांना आणि जे सुई घालणार त्यांना, दोघांना विचारायचं.

हळदीच्या कॅप्सूल, लसणाच्या कॅप्सूल, कोणीतरी आणून दिलेला काढा, हेही त्याच यादीत लिहा. रागावतील म्हणून लपवू नका, काहींनी रक्त गोठायला वेळ लागतो. भाजीतली हळद चालते हो, तिच्याबद्दल नाही बोलत मी.

आणि दुखण्यासाठी मॉर्फिन किंवा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू असेल तर त्या दिवशी उगाच चुकवू नका. स्टेरॉइड एकदम बंद करायचं नसतं, आणि दुखणं दाबलेलं नसेल तर बाई वीस मिनिटं एका जागी बसणार कशी?

केमोचा हिशोब न बघता तारीख घेणं

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तळाला जातात, नेमकी तीच तारीख पकडली तर सुईच्या दिवशी सकाळी रिपोर्ट बघून परत पाठवतात. प्लेटलेट ५० हजारांच्या वर असाव्यात असं बरेच डॉक्टर बघतात. पाल्बोसिक्लिब किंवा रायबोसिक्लिब ही कॅन्सरची गोळी चालू असेल (३ आठवडे गोळी, १ आठवडा सुट्टी) तर त्यातही पांढऱ्या पेशी उतरतात, हे छातीच्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा. अर्थात दम फार असेल तर तारखा बघत बसायचं नसतं, सरळ इमर्जन्सी.

"खाली पेट" आणि चहा

फोनवर सांगतात, "माताजी को सुबह कुछ देना मत." आता आपल्याकडे सकाळचे पोहे-जिलेबी सुटतील एकवेळ, पण चहा म्हणजे काही खाणं नव्हे अशी सगळ्यांची ठाम समजूत. दुधाचा चहा हे खाणंच. भूल किंवा झोपेचं इंजेक्शन देणार असतील, जसं ब्रॉन्कोस्कोपीला (श्वासनळीत दुर्बीण घालून बघतात तेव्हा) देतात, तर खाणं आणि दूध ६ तास आधी बंद आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत, असा सर्वसाधारण नियम. चोरून अर्धा कप घेतला तर सांगून टाका, पुढे ढकललेलं परवडतं, भुलेत उलटी छातीत गेलेली नाही परवडत.

उलटी चूक पण होते. साधं टॅपिंग जागा बधिर करून करतात, त्याला बऱ्याचदा उपाशी राहावंच लागत नाही. तरी डायबिटीसच्या बाईला रात्रीपासून उपाशी ठेवतात, इन्सुलिन मात्र ठोकून देतात, आणि मग आमच्या इंदोरच्या ए. बी. रोडच्या जाममध्ये साखर खाली. आदल्या दिवशीच विचारा: उपाशी यायचं का, आणि सकाळची साखरेची गोळी, इन्सुलिन घ्यायचं की नाही.

काढलेलं पाणी वाया घालवणं

मला सगळ्यात जास्त याच्याबद्दल बोलायचंय, कारण हे कोणी सांगत नाही. सगळं लक्ष दम कमी होण्याकडे असतं, आणि ती बाटली भरली की गेली बेसिनमध्ये. अहो, त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी असू शकतात आणि त्यांच्यावर पुढचं औषध ठरू शकतं. ब्रेस्ट कॅन्सरचे रिसेप्टर (औषध ज्यांच्यावरून ठरतं त्या पेशींच्या खुणा), म्हणजे ईआर, पीआर आणि हर-टू, सुरुवातीच्या गाठीत जे होते तेच पसरलेल्या जागी असतील असं नाही, काही जणींमध्ये बदलतात. म्हणून जाण्याआधी कॅन्सरवाल्या डॉक्टरांना एकच प्रश्न: "पाणी कशाकशाला पाठवायचं, चिठ्ठी लिहून द्या." सायटोलॉजी (पाण्यातल्या पेशी बघणं), सेल ब्लॉक (त्या पेशी गोळा करून मेणात बसवणं), त्यावर रिसेप्टर, आणि प्रोटीन, एलडीएच वगैरे. आपल्याकडे टीबीनेही छातीत पाणी होतं, कॅन्सर आहे म्हणून टीबी होणार नाही असं थोडंच आहे, त्यामुळे एडीए ही टीबीसाठीची तपासणी पण बघतात.

मग लॅबला जाईपर्यंत लक्ष ठेवा. सायटोलॉजीला पाच-दहा थेंबांत भागत नाही, ५० ते ६० मिली तरी पाठवतात. बाटलीवर नाव, कुठली बाजू, तारीख, आणि फॉर्मवर "जुना ब्रेस्ट कॅन्सर" हे लिहिलंय का बघा, पॅथॉलॉजिस्टला तेच माहीत नसेल तर तो शोधणार काय. शनिवारी दुपारी काढलं आणि बाटली सोमवारपर्यंत टेबलावर, असं होऊ देऊ नका. लॅब बंद असेल तर फ्रिजमध्ये ठेवायची का ते तिथेच विचारा. आणि पहिल्या नमुन्यात पेशी सापडल्या नाहीत म्हणजे कॅन्सरचं पाणी नाही, असा आनंद लगेच करू नका. बऱ्याच वेळा पहिल्यांदा सापडत नाहीत, पुन्हा पाठवावं लागतं.

जुन्या बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) कुठल्या लॅबमध्ये पडलाय तेही आत्ताच शोधून ठेवा. आणि सीटीची सीडी न्या, मोबाइलमध्ये काढलेला फिल्मचा फोटो डॉक्टरांच्या काही कामाचा नसतो.

मंगळसूत्र, नेलपॉलिश आणि हात

बारीक गोष्टी आहेत पण ऐनवेळी रडारड होते. एक्सरेला मंगळसूत्र काढावं लागतं. आमच्याकडे सासूबाईंनी चाळीस वर्षांत न काढलेलं, टेक्निशियन बाहेर तीनदा हाका मारतोय आणि या पदराआड धरून बसलेल्या, शेवटी सासऱ्यांनी स्वतः काढून रुमालात बांधून खिशात घातलं तेव्हा कुठे उठल्या. घरूनच ठरवून जा. बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या यंत्राला गडद नेलपॉलिश किंवा काळपट मेंदीमुळे आकडा चुकीचा येऊ शकतो, लग्नसराई असेल तर एक बोट तरी कोरं ठेवा.

ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्यात त्या हाताला बीपीचा पट्टा आणि सलाईन शक्यतो नको म्हणतात, नर्सला ते कसं कळणार, पेशंटने किंवा तुम्ही बोलायचं. पोर्ट असेल तर तेही. मणक्यात पसरलेलं असेल, खांदा वर जात नसेल, तर आधीच सांगा, कारण सीटीखाली बायोप्सी करताना पालथं झोपवतात किंवा हात डोक्यावर घ्यायला सांगतात.

पेशंटला न सांगणं

"आईला कॅन्सर शब्द सांगू नका, छातीत कफ झालाय म्हणा." प्रेमापोटी असतं, मान्य. पण टॅपिंगच्या वेळी पेशंट जागी असते. पलंगाच्या कडेला बसवतात, समोर टेबलावर उशी, तिच्यावर हात आणि डोकं टेकवून पाठ वाकवायची, मागून जागा बधिर करतात, मग नळी, आणि मागे बाटलीत पिवळसर, कधी लालसर पाणी उतरायला लागतं. तेव्हा खोकायचं नाही, हलायचं नाही, एकदम मोठा श्वास घ्यायचा नाही, खोकला आलाच तर आधी बोलून सांगायचं. हे सगळं ती ऐकेल का, जर तिला वाटतंय की नुसती तपासणी आहे? बिचारी दचकणारच. आणि संमतीच्या कागदावर सही तिची हवी, मुलाने परस्पर केलेली नव्हे. सगळा आजार एका दिवसात सांगायची गरज नाही, पण उद्या काय करणार आहेत एवढं तरी तिला तिच्या भाषेत सांगा. बऱ्याच बायकांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त माहीत असतं.

"एकदाच सगळं काढून टाका ना"

डॉक्टर साधारण दीड लिटरच्या आसपास थांबले की नातेवाईक नाराज. ते कंजूषी करत नाहीत. दबलेलं फुफ्फुस एकदम उघडलं तर त्यातच सूज येऊ शकते. काढताना छाती आवळल्यासारखी झाली किंवा खोकला थांबेचना तर लगेच सांगायचं. नंतर थोडा खोकला येतो, ते फुफ्फुस फुगत असल्याचं असतं.

नंतरचं थोडक्यात. एक्सरे किंवा सोनोग्राफी करून फुफ्फुसाबाहेर, त्या पडद्यांमध्ये हवा तर शिरली नाही ना हे बघतात, ते झाल्याशिवाय निघायची घाई नको. सुईने फुफ्फुसाची बायोप्सी केली तर साधारण पाचात एकीला थोडी हवा शिरते, बहुतेकींची आपोआप जिरते. पण तोवर विमान नाही! इंदोरहून मुंबईला दाखवायला जाणारे बरेच असतात, रिपोर्ट आला की तिकीट काढतात. हवा शिरली असेल तर ती पूर्ण गेल्याचा एक्सरे झाल्यावरही आठवडाभर तरी थांबायला सांगतात, अवंतिका एक्सप्रेसचं रिझर्वेशन बघा त्यापेक्षा. ब्रॉन्कोस्कोपी झाली असेल तर घसा बधिर असतो, साधारण २ तास पाणीही नाही, नाहीतर ठसका लागतो.

पाणी पुन्हा भरेल का? बऱ्याच जणींचं भरतं, कधी महिन्याने, कधी आठवड्यातच. दर वेळी नुसती सुईच घालत राहायची असं नसतं. छातीत टाल्क पावडर घालून दोन्ही पडदे चिकटवतात, किंवा एक बारीक नळी बसवूनच ठेवून घरीच बाटलीत पाणी काढायला शिकवतात. फुफ्फुस पूर्ण उघडत नसेल तर पावडर नीट काम करत नाही, तिथे नळी बरी पडते. पहिल्यांदा परत भरलं तेव्हाच विचारा, चौथ्या वेळेची वाट बघू नका.

आणि त्या दिवशी निघताना रात्रीचा फोन नंबर मागून घ्या, ओपीडीचा नको, तो संध्याकाळनंतर कोणी उचलत नाही. अचानक दम वाढला, छातीत टोचून दुखायला लागलं, ताप आला, सुईच्या जागेतून रक्त किंवा पाणी येत राहिलं, ओठ निळसर वाटले, तर सकाळपर्यंत बघू असं करायचं नाही, जवळच्या इमर्जन्सीत न्यायचं आणि दारातच सांगायचं की आज छातीत सुई घातली होती.